अपुऱ्या पत्त्याचा कागद

१

शाळेच्या मागच्या जिन्याचा मधला टप्पा शनिवारी दुपारी खाली आला आणि त्याच्यावर उभा असलेला वेल्डरही खाली आला. शाळेला सुट्टी होती म्हणून मुलं वाचली. वेल्डरच्या उजव्या पायाची दोन हाडं मोडली. टप्पा ज्या ब्रॅकेटवर भिंतीला धरला होता, त्याला चार बोल्ट हवे होते. होते दोनच. वर्कशॉपवाल्यांनी कानांवर हात ठेवले, आणि त्यांचं खरंच होतं, कारण त्यांना आलेल्या ड्रॉइंगमध्येच दोन बोल्ट होते.

ते ड्रॉइंग पाठवलं होतं माझ्या भाचीने.

हे मला कळलं बुधवारी सकाळी. चार दिवस माझ्या सख्ख्या बहिणीने मला अवाक्षर सांगितलं नाही. फोन आला तो भाचीचाच.

"मामा, आज ऑफिसात येशील? मशीन बघायला नाही. माझ्यासाठी."

"काय झालं?"

तिने सांगितलं. सांगताना रडली नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं. रडणारी पोर आहे ती.

"मला चांगलं आठवतंय, मी बरोबर फोल्डर उघडला होता," ती म्हणाली. "पण कागद वेगळंच सांगतोय. सगळे म्हणतात होतं असं. रोज संध्याकाळी त्या वेल्डरची माफी मागून येते. आता मला माझ्या डोळ्यांवरच विश्वास राहिलेला नाही, मामा. काल भाजी घेताना पिशवीत चार लिंबं आहेत की पाच, तीनदा मोजली."

मी लगेच ताईला फोन लावला. ती म्हणाली, "तू यात पडू नकोस. मिटेल ते. लहान आहे ती, सांभाळून घेतील."

"आणि तिने केलंच नसेल तर?"

"तू आपली कामं कर," ताई म्हणाली आणि फोन ठेवला. मी सगळी कामं रद्द केली.

२

ते ऑफिस फक्त जिने काढतं. लोखंडी जिने: कारखान्यांचे, गोदामांचे, शाळांचे. छापखान्याच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या, चार कॉम्प्युटर, चार माणसं. एक मालक, दुसरे भाचीचे वडील म्हणजे माझे भावोजी, तिसरी भाची, आणि चौथ्या जावक सांभाळणाऱ्या पंचबाई. पंचबाई हे नाव भाचीने ठेवलेलं. त्यांचा अर्धा दिवस कागदांना भोकं पाडण्यात जातो आणि त्या ते काम देवपूजेच्या गांभीर्याने करतात.

मी त्या ऑफिसचे कॉम्प्युटर दुरुस्त करतो, महिन्यातून एकदा फेरी मारतो. मालक मला फारसे आवडत नाहीत हे आधीच सांगून टाकतो. माणसाला चष्मा लागलाय, पण घालायची लाज वाटते. स्क्रीनवरची अक्षरं दुकानाच्या पाटीएवढी करून घेतलीत आणि तरी नाक काचेला टेकवून वाचतात.

"बसा," ते म्हणाले. "मला वाईट वाटतंय हो तिचं. पण उद्या सकाळी शाळेच्या मंडळाला लेखी द्यायचंय. चूक कुणाची, नाव, हुद्दा, सगळं."

"आणि तिची ड्रॉइंगवर सही करायच्या परवान्याची परीक्षा?"

"पुढच्या महिन्यात आहे, माहितीय मला. चौकशीत नाव आलेल्याला तीन वर्षं बसू देत नाहीत. मी काय करू? माझ्यासमोर कागद आहे."

त्यांनी जावक फाइल माझ्यापुढे सरकवली.

त्या ऑफिसात एक नियम आहे. कुठलंही ड्रॉइंग बाहेर जाताना, पाठवणाऱ्याने ते ज्या फोल्डरमध्ये आहे तो उघडायचा, फक्त त्या खिडकीचा प्रिंट काढायचा, खाली आपल्या नंबरचा शिक्का मारायचा आणि कागद पंचबाईंना द्यायचा. म्हणजे उद्या कुणी विचारलं, कुठून पाठवलं, तर पुरावा तयार. एक नंबरचा शिक्का भावोजींचा, दोन मालकांचा, तीन भाचीचा, चार पंचबाईंचा. शिक्के सगळे टेबलांवर उघडेच पडलेले असतात.

शाळेच्या कामात 'फायनल' नावाचे फोल्डर तीन. पुढच्या जिन्याचा एक. मागच्या जिन्याचे दोन: 'पहिला'मधला फायनल आणि 'दुरुस्त'मधला फायनल. ब्रॅकेटच्या फाइलीचं नावही तिन्हीकडे एकच, कारण भावोजींची तशी शिस्त. मागचा जिना उंच, म्हणून पहिल्या ड्रॉइंगमधले दोन बोल्ट वाढवून चार करायचे ठरलं. 'पहिला'ची नक्कल 'दुरुस्त'मध्ये ठेवली गेली, आणि मालक म्हणाले, बारा तारखेला भावोजींनी तिच्यात दुरुस्ती केली. चौदाला भाचीने ड्रॉइंग पाठवलं.

चौदा तारखेच्या त्या कागदावर तीन नंबरचा शिक्का होता. खिडकीच्या माथ्यावर 'फायनल', खाली बारीक अक्षरांत सात फाइलींची यादी. ब्रॅकेटच्या फाइलीपुढे तारीख होती सहा.

"सहा," मालकांनी तिथे बोट आपटलं. "दुरुस्ती बाराची. म्हणजे पोरीने जुनंच फायनल उघडलं. आंधळ्यालाही दिसेल."

आंधळ्याचं माहीत नाही, मला मात्र त्या क्षणी तेवढंच दिसलं.

३

पंचबाईंना मी विचारलं, "तो कागद तुम्ही घेतला तेव्हा वाचला होता?"

"मी कशाला वाचू? मी भोकं पाडते." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पण एक सांगते. पोर नीटनेटकी आहे. तिचा कागद वाकडा कधी आला नाही. आणि ते वर्कशॉपवाले आता तोंड वर करून बोलतात, पण गंमत बघा. मागच्याच आठवड्यात त्यांचा माणूस मला विचारत होता, बाई, पुढच्या जिन्याला चार-चार बोल्ट कशाला? सहा पायऱ्यांचा तर जिना. तुमच्या साहेबांना हत्ती चढवायचेत का?"

"मग?"

"मग काय, साहेबांनी सांगितलं, जास्त असले तर बिघडलं कुठे."

"रविवारी ऑफिस उघडं होतं?"

"मी नव्हते. साहेब सकाळी येऊन गेले म्हणतात, आणि तुमचे भावोजी दुपारी. दोघांकडे किल्ल्या आहेत."

मग मी भावोजींकडे गेलो.

या माणसाबद्दल काय सांगू? माझे वडील गेले तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. ताईचं नुकतंच लग्न झालेलं. या माणसाने मला आपल्या घरी आणलं, आपल्या टेबलाच्या शेजारी दुसरं टेबल मांडलं आणि रेषा मारायला शिकवलं. मला रेषा जमल्या नाहीत, यंत्रं जमली, तेव्हा म्हणाले, "हरकत नाही, पण काम करशील ते तुझ्या नावाचं कर." मी त्यांच्यासमोर आजही पाय पसरून बसत नाही.

ते पेन्सिलीला टोक करत होते. हाताने ड्रॉइंग काढणं बंद होऊन पंधरा वर्षं झाली, पण टोक करणं थांबलेलं नाही.

"डोक्यावर हात ठेवून समजावलं मी तिला," ते म्हणाले. "चूक माणसाकडूनच होते. कबूल करावी, मोकळं व्हावं. पंचवीस वर्षांची आहे. तीन वर्षं म्हणजे काही जन्म नव्हे."

"तुम्हाला वाटतं तिने केलं?"

"कागद आहे ना."

"दुरुस्तीचं ड्रॉइंग मी बघितलं तर चालेल?"

"बघ की. चार बोल्ट आहेत. तारीख मात्र रविवारची दिसेल. अपघात कळल्यावर मला चैन पडेना, येऊन उघडून बघितलं आणि हाताच्या सवयीने सेव्ह दाबलं गेलं."

तेही मी बघितलं. चार बोल्ट होते, तारीख रविवारची होती. त्यांनी विचारायच्या आधीच सांगून टाकलं होतं, म्हणून मी त्यावर विचार केला नाही. आपल्या माणसाचं आपण असंच ऐकतो.

४

भाचीला घेऊन मी खिडकीपाशी बसलो.

"तू पाठवताना नक्की काय बघितलंस? घाई करू नकोस."

"तारीख नाही बघितली," ती म्हणाली. "मी तारीख कधीच बघत नाही. वरचा पत्ता बघते. 'मागचा जिना', 'दुरुस्त', 'फायनल', असं वाचलं आणि प्रिंट काढला. तूच लावून दिलंयस ना ते."



माझी एक खोड आहे आणि तिच्यापायी लोक मला पत्तेवाला म्हणतात. कुठलंही मशीन हातात आलं की मी आधी फोल्डरच्या सेटिंगमध्ये जातो आणि तिथल्या एका चौकटीत टिक करतो. मग खिडकीच्या माथ्यावर फोल्डरचं नुसतं नाव न येता अख्खा पत्ता येतो: कुठला ड्राइव्ह, कुठलं काम, त्यातलं काय, त्यातलं कुठलं. या ऑफिसात तर जुनी मशीनं, पत्त्याची वेगळी ओळ जागा खाते म्हणून बंद केलेली, त्यामुळे ती माथ्यावरची पट्टी हीच काय ती खूण. फायनल नावाचा फोल्डर नाही असं ऑफिस मी पाहिलेलं नाही, आणि एकच फायनल असलेलंही पाहिलेलं नाही. नुसतं 'फायनल' लिहिलेली खिडकी म्हणजे पाकिटावर फक्त 'घर नंबर चार' लिहून पेटीत टाकण्यासारखं आहे. हे मी इतक्या ठिकाणी इतक्या वेळा सांगितलंय की लोक मला बघून जांभया देतात.

आणि तो कागद अर्धा तास माझ्या मांडीवर होता, माथ्यावर नुसतं 'फायनल' होतं, आणि मला ते दिसलं नाही. सगळे तारखेकडे बोट दाखवत होते, मीही शहाण्यासारखा तिकडेच बघत होतो.

मी जावक फाइल पुन्हा मागून घेतली आणि पहिल्या पानापासून चाळायला बसलो. तीन नंबरचे शिक्के शोधले. सव्वाशेच्या वर कागद निघाले. प्रत्येकाच्या माथ्यावर लांबलचक पत्ता. चौदा तारखेला भाचीने आणखी दोन ड्रॉइंगं पाठवली होती, एक या कागदाच्या आधी, एक नंतर. आधीच्यावर होतं 'एस:\कामे\गोदाम\उत्तर जिना\फायनल'. नंतरच्यावरही तसाच पूर्ण पत्ता. मधल्या एकाच कागदावर 'फायनल', पुढे ना मागे.

तिचं मशीन उघडून बघितलं. टिक जागच्या जागी होती. एका दिवशी, एकाच कागदापुरती टिक गेली आणि परत आली असं यंत्रं करत नाहीत.

हा कागद तिच्या मशीनवर निघालाच नव्हता.

"काय झालं, मामा?"

"लिंबं मोजायची बंद कर," मी म्हटलं. "तुझे डोळे ठीक आहेत."

तिला आणखी काही सांगितलं नाही, कारण पुढचं अजून मलाच माहीत नव्हतं. मनातून मात्र मी मालकांना पकडून ठेवलं होतं.

५

चार मशीनं. भाचीच्या आणि पंचबाईंच्या मशीनवर टिक आहे, कारण दोघींनी मला नाही म्हटलं नाही. टिक नसलेली मशीनं दोनच. मालकांच्या पाटीएवढ्या अक्षरांत लांब पत्ता मावत नाही, म्हणून त्यांनी काढून टाकायला लावली. आणि भावोजी म्हणाले होते, "माझ्या फोल्डरचा पत्ता मला तू सांगणार?" मी हसून त्यांचं मशीन सोडून दिलं होतं.

रविवारी दोघेही ऑफिसात आले होते. मालकच असतील असं मी स्वतःला सांगत होतो. ऑफिसचं नाव वाचवायला नोकराचा बळी देणारा माणूस दिसायला तसाच असतो.

पण कागद काही केल्या माझ्या बाजूने बोलेना. फाइलमधले दोन नंबरचे कागद काढले. एकेका पानावर जेमतेम चार फाइली मावलेल्या, अक्षरं ही एवढाली. आणि या कागदावर बारीक यादी, सात फाइली दोन बोटं जागेत. त्यात मालकांना मिळणार काय होतं? ड्रॉइंग कुठल्याही फायनलमधून गेलं असतं तरी मंडळापुढे नाव त्यांच्याच ऑफिसचं जाणार होतं.

मग मी स्वतःला उलटा प्रश्न विचारला. भाचीचा खरा कागद फाइलमध्ये राहिला असता तर काय झालं असतं? त्यावर पत्त्यात 'दुरुस्त' लिहिलेलं असतं. मग लोकांनी विचारलं असतं, दुरुस्तमधून ड्रॉइंग गेलं, तर बोल्ट दोनच कसे? आणि सगळे एकाच टेबलाकडे बघायला लागले असते.

मला पंचबाईंचा हत्ती आठवला. मी पुढच्या जिन्याचं फायनल उघडलं. सहा पायऱ्यांचा जिना, ब्रॅकेटला चार बोल्ट, तारीख बारा.

दुपारी सगळे जेवायला उठले तेव्हा मी भावोजींच्या खोलीत गेलो आणि दार लावून घेतलं.

"बारा तारखेला तुमच्यासमोर दोन खिडक्या उघड्या होत्या," मी म्हटलं. "दोन्हींवर नुसतं फायनल लिहिलेलं. तुम्ही बोल्ट वाढवले, पण ते पुढच्या जिन्याला. मागच्या जिन्याच्या दुरुस्तमध्ये जुनी नक्कल तशीच पडून राहिली, सहा तारखेची, दोन बोल्टांची. पोरीने तीच पाठवली. तिने बरोबर फोल्डर उघडला होता. त्यातलं ड्रॉइंग चुकलं होतं आणि ते तुमचं होतं."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"रविवारी येऊन तुम्ही बघितलंत आणि तुमच्या ध्यानात आलं. बोल्ट चार करून सेव्ह केलं. तिचा कागद फाइलमधून काढला. तुमच्या मशीनवर 'पहिला'मधल्या फायनलचा प्रिंट काढला, तिच्या टेबलावरचा शिक्का मारला आणि त्याच्या जागी लावला. माझं कुठे चुकत असेल तर सांगा."

मला खरोखर वाटत होतं की त्यांनी मला चुकीचं ठरवावं, अंगावर ओरडावं, हात धरून बाहेर काढावं.

"पुढचा बदलून परत दोन करायला हवे होते," ते म्हणाले. "तो बसवून झाला होता. राहू दिला."

एवढंच. जणू मी त्यांच्या हिशेबातली चूक दाखवली होती.

"ती तुमची मुलगी आहे."

"म्हणूनच," ते म्हणाले. "तिच्यामागे मी आहे. तीन वर्षं घरात बसली तरी मी आहे, तुझी ताई आहे. माझ्यामागे कोण आहे? चौतीस वर्षं झाली, माझी एक रेघ चुकली नाही. लोक म्हणतील म्हातारा झाला, दिसत नाही त्याला. पोरीला लोक माफ करतात. मला कुणी करणार नाही."

"ती रोज त्या माणसाच्या खाटेपाशी जाऊन माफी मागतेय."

"मला माहीत आहे."

"तुम्ही तिला कबूल कर म्हणालात. डोक्यावर हात ठेवून."

त्यांनी पेन्सिल पुन्हा उचलली. मग मला लहानपणी हाक मारायचे त्या आवाजात म्हणाले, "तू हे बाहेर काढू नकोस. तुला मी वाढवलंय."

हे ते कधी बोलून दाखवणार नाहीत, असं मी तीस वर्षं धरून चाललो होतो. ते त्यांनी त्या दिवशी खर्च करून टाकलं. माझ्या मनात त्यांच्यासाठी जे काही होतं ते तिथेच संपलं.

"तुम्ही सांगता की मी सांगू?" मी विचारलं.

६

त्यांना सांगवलं नाही. भाची आत आली, वडिलांच्या समोरच्या खुर्चीवर बसली, आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत राहिली. मी जावक फाइल उघडून तिच्यापुढे ठेवली, चौदा तारखेचे तिन्ही कागद ओळीने.

"वाच," मी म्हटलं. "तारखा सोड. माथा वाच."

तिने पहिला वाचला, दुसरा वाचला, तिसरा वाचला. परत दुसऱ्यावर आली.

"हा माझा कागद नाही," ती म्हणाली. आणि एक क्षणभर तिचा चेहरा असा उजळला की मला माझं सगळं काम सार्थकी लागल्यासारखं वाटलं. "मामा, हा माझा नाहीच. म्हणजे मी बरोबरच पाठवलं होतं. बाबा, बघा, मी बरोबर पाठवलं होतं."

भावोजींनी मान वर केली नाही.

"मग हा कुणी..." तिने विचारायला सुरुवात केली आणि थांबली. हुशार पोर आहे. ती उठली, वडिलांच्या मागे जाऊन उभी राहिली आणि त्यांच्या स्क्रीनकडे बघितलं. तिथे एक खिडकी उघडीच होती. माथ्यावर एकच शब्द होता.

"तुमचं चुकलं असतं ना बाबा, तर मी स्वतः म्हटलं असतं, माझ्या नावावर टाका," ती म्हणाली. "मला विचारायचं तरी."

ते ऐकून भावोजी रडायला लागले. मला त्यांची दया आली नाही. कधीतरी येईल, पण त्या दिवशी आली नाही.

तिने फक्त आणखी एक विचारलं. "आईला माहीत आहे?"

"रविवारीच सांगितलं," ते म्हणाले.

तिने माझ्याकडे बघितलं. मीही बहुतेक तसाच दिसत असेन, कारण तिने पटकन नजर काढून घेतली. माझ्या बहिणीने मला चार दिवस फोन का केला नाही, मी केला तेव्हा का ठेवून दिला, हे मला भर दुपारी त्या खोलीत कळलं. तिने नवरा निवडला होता. निवडावं लागलं असेल, तिची बाजू ती जाणे. पण पोरीला रोज हातात डबा देऊन हॉस्पिटलला पाठवत होती ना. ते माझ्या घशाखाली उतरेना.

मालकांना मी सगळे कागद दाखवले. त्यांनी नाक टेकवून एकेक वाचला, मग खिशातून चष्मा काढून घातला आणि पुन्हा वाचला. अहवाल त्यांनी तिथल्या तिथे बदलला. भाचीला म्हणाले, "मी तुझं ऐकायला हवं होतं." मला ते पूर्वीइतके नावडते राहिले नाहीत, एवढं म्हणतो. भावोजी संध्याकाळच्या आत टेबल आवरून निघून गेले. जाताना कुणाशी बोलले नाहीत, त्यांच्याशीही कुणी बोललं नाही.

पाच वाजता भाची म्हणाली, "भेटीची वेळ झाली. येतोस?"

हॉस्पिटलचा वॉर्ड लांबलचक होता, वेल्डर शेवटून दुसऱ्या खाटेवर. दोरीने वर टांगलेला पाय, हातात वर्तमानपत्र. तिला बघून त्याने पेपर बाजूला ठेवला.

"आज माफी मागायची नाही," तो म्हणाला. "काल ठरलंय आपलं. झालं ते झालं."

"आज मागणार नाही," ती म्हणाली. स्टूल ओढून बसली. "ती चूक माझी नव्हती. आजच कळलं. मी बरोबर फोल्डरमधून पाठवलं होतं. ड्रॉइंगच चुकलेलं होतं."

"बघा, मी बायकोला म्हटलंच होतं, ही पोरगी असं करणारी नाही." तो मनापासून खूश झाला. मग साहजिकच त्याने विचारलं, "मग कुणाची?"

मी तिच्याकडे बघितलं. इतके दिवस तिने या माणसाला आपल्या वडिलांबद्दल काय काय सांगितलं असेल, मला माहीत आहे. ती सगळ्यांनाच सांगते. बाबांच्या हाताखाली शिकले, बाबांची रेघ कधी चुकत नाही.

"ऑफिसात एक गृहस्थ होते," ती म्हणाली. "त्यांची."

मग तिने त्याच्या ग्लासात पाणी ओतलं आणि दुपारची गोळी घेतली का म्हणून विचारलं.